मॅच सुटल्यावर फाटक उघडं असू द्या

मुंबई, नवी मुंबई, ठाणे आणि वसई परिसरातले सर्व धर्मगुरू, पाळक आणि चर्च समित्यांचे सभासद यांस,



हे पत्र एका धर्मग्रामाला किंवा एका फादरांना उद्देशून नाही, म्हणूनच ते खुलं लिहिते आहे. आपल्याबद्दल आदर आहे. बाप्तिस्म्यापासून अंत्यविधीपर्यंत आमच्या घरातलं प्रत्येक मोठं कार्य आपल्याच हातून पार पडतं. पण आदर आहे म्हणून बोलायचं नाही, ही सवय आपल्या समाजाला महाग पडत आली आहे. तेव्हा स्पष्टच सांगते. आपल्या शहरात मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते तेव्हा चर्च एकतर प्रेक्षक होतं, नाहीतर प्रचारक. यजमान होत नाही.

२०२५ चा महिला क्रिकेट विश्वचषक आठवा. बेंगळुरूला व्हायचे सामने नवी मुंबईत आले, ते ४ जूनला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा माणसं गेली त्यानंतर. गर्दी सांभाळता न आल्याने हलवावे लागलेले सामने आपल्या दारात आले होते. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. २ नोव्हेंबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. पावसामुळे तो सामना दोन तास उशिरा, संध्याकाळी पाचला सुरू झाला आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली. रविवारची मध्यरात्र, भिजलेले रस्ते, हजारो माणसं एकदमच नेरूळ स्टेशनकडे निघालेली. आणि एरवीच्या क्रिकेटच्या गर्दीपेक्षा त्यात बायका-मुली कितीतरी जास्त.

नंतर प्रार्थनांमध्ये विजयाचे आभार मानले गेले, जेमिमाचे फोटो प्रत्येक ग्रुपवर फिरले. छानच झालं. पण त्या मध्यरात्री आपली फाटकं बंद होती, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे. मी त्या गर्दीत होते. वाटेत एका चर्चच्या फाटकाशी दोन लहान मुलींना घेऊन आलेली एक बाई टॉयलेटची सोय आहे का, असं विचारत होती. आत दिवे चालू होते, हॉलही दिसत होता. वॉचमन म्हणाला, "ऑफिस बंद आहे, सकाळी या." त्याचा दोष नाही, त्याला जे सांगून ठेवलं होतं तेच तो बोलला. दोष सांगून ठेवणाऱ्यांचा, किंवा काहीच सांगून न ठेवणाऱ्यांचा.

नंतर एका समितीच्या सभासदांशी मी हे बोलले, तर उत्तर मिळालं की त्या दिवशी सर्व मृतांचा दिन होता, सगळे दफनभूमीत गुंतले होते. खरं आहे. पण त्याच दिवशी दफनभूमीत शेकडो कुटुंबांसाठी रांगा लावणारे, म्हाताऱ्यांना हाताला धरून नेणारे, मेणबत्त्यांपाशी पाण्याची बादली घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक आपल्याकडे तयार होते. माणसं होती. रात्री त्यांची गरज आणखी कुठे पडेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही, एवढंच.

माझी दुसरी तक्रार "गर्दी हे आमचं काम नाही" या वाक्याबद्दल आहे. हे आपण म्हणावं? मोतमाउलीच्या जत्रेला दर सप्टेंबरात आठवडाभर वांद्र्याची टेकडी माणसांनी भरते. माहीमला १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते आणि तिथे मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्यांत निम्मे तरी कोणत्या धर्माचे आहेत, हे कुणी विचारत नाही. जुन्या गोव्यात नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं दीड महिना संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन झालं. मंडप, पाणी, प्रथमोपचार, हरवलेल्यांची नोंद, ध्वनिक्षेपकावरून तीन-चार भाषांतल्या सूचना हे सगळं आपल्याला येतं. गर्दी आपल्या संतासाठी आली तर ती आपली, आणि क्रिकेटसाठी आली तर पोलिसांची, असा हा हिशेब आहे. तो मला पटत नाही.

तिसरी तक्रार जरा नाजूक आहे. काही मंडळ्या अशा वेळी बाहेर पडतात, पण पत्रकं घेऊन. स्टेशनबाहेर, रांगेत, तहानलेल्या माणसाच्या हातात पाण्याआधी छापील कागद येतो. आपला विश्वास इतरांना सांगण्याचा हक्क संविधानाने दिला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आजच्या वातावरणात पाण्याच्या बाटलीसोबत दिलेला कागद धर्मांतराचं आमिष म्हणून दाखवला जातो, आणि त्याची किंमत पुढे एखाद्या आदिवासी पाड्यातल्या छोट्या मंडळीला मोजावी लागते. आणि कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते बरं दिसत नाही. चांगल्या शोमरोनी माणसाने जखमांवर तेल ओतलं, त्याला उतारशाळेत नेलं, भाड्याचे पैसे भरले. जखमीच्या खिशात पत्रक सरकवल्याचं लूककृत शुभवर्तमानात मी तरी वाचलेलं नाही.

चौथी तक्रार मोठ्या पडद्याची. हॉलमध्ये पडदा लावायचा, चिकन रोल आणि वडापावचे स्टॉल मांडायचे, मध्यंतरात हाउजी खेळायची आणि याला "युवकांसाठी उपक्रम" म्हणायचं. सामना एकत्र बघण्यात गैर काही नाही, प्रक्षेपणाची रीतसर परवानगी असली म्हणजे झालं. पण क्रिकेटच्या मोसमात आपल्याच घरांमधली मुलं मोबाइलवर पैसे लावतात, कर्ज करतात. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तरी सट्टा कायद्याने संपत नाही, तो लपतो. ज्या हॉलमध्ये बक्षिसाच्या आशेने तिकिटं विकत घ्यायला आपण लहान मुलांना शिकवतो, त्याच हॉलमध्ये सट्ट्याविरुद्ध बोलायला आपला आवाज कसा निघणार? निदान स्पर्धेच्या महिन्यात तरी हाउजी बंद ठेवा.

पाचवी तक्रार चुकीच्या भीतीची. मोठी स्पर्धा आली की "मानवी तस्करी वाढणार" अशी पोस्टरं लागतात, प्रवचनं होतात, आणि स्पर्धा संपली की तो विषयही संपतो. २००६ च्या जर्मनीतल्या फुटबॉल विश्वचषकाआधी चाळीस हजार स्त्रियांना तिथे आणलं जाईल असा आकडा जगभर फिरला होता. पुढे जर्मन सरकारच्या अहवालात स्पर्धेशी थेट संबंध असलेली प्रकरणं निघाली पाच. पाचही वाईटच, पण धोका कुठे आहे ते कळायला हा फरक महत्त्वाचा आहे. तस्करी आपल्या शहरात बारा महिने चालते, आणि आपल्याच काही सिस्टर्स तिच्याविरुद्ध बारा महिने निमूटपणे काम करतात. पोस्टर छापण्याचे पैसे त्यांना द्या.

उलट जो धोका नोंदींत दिसतो, त्याबद्दल आपण अवाक्षर काढत नाही. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२, २००६ आणि २०१० च्या फुटबॉल विश्वचषकांच्या काळातल्या लँकशर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. इंग्लंडचा संघ जिंकला किंवा सामना बरोबरीत सुटला त्या दिवशी घरातल्या मारहाणीच्या तक्रारी २६ टक्क्यांनी वाढल्या होत्या, हरला त्या दिवशी ३८ टक्क्यांनी. दारू, सट्टा आणि हार एकाच रात्री घरी आल्यावर काय होतं, हे सांगायला आपल्या वस्त्यांतल्या बायकांना संशोधकांची गरज नाही. तरी विश्वचषकाच्या महिन्यात या विषयावर प्रवचन झाल्याचं मला आठवत नाही.

तक्रारी पुरे. आता मागण्या. त्यांतली एकही खर्चिक नाही, आणि एकीसाठीही रोमची परवानगी लागत नाही.

पहिली मागणी: एकत्र बसा. एकाच सेक्टरमध्ये कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मार थोमा आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या राहतात आणि एकमेकांचे फोन नंबरही त्यांच्याकडे नसतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी तिथल्या चर्चेसनी 'मोअर दॅन गोल्ड' या नावाखाली एकत्र काम केलं. अँग्लिकन, कॅथलिक, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी सगळे त्यात होते. खेळाडूंच्या घरच्यांना हॉटेल परवडत नव्हतं, तर चर्चमधल्या कुटुंबांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं. प्रशिक्षण घेतलेले 'गेम्स पास्टर' स्टेशनांवर उभे राहिले. रस्ता सांगायला, गोंधळलेल्याचं ऐकून घ्यायला, कुणी रडत असेल तर शेजारी थांबायला. ते सगळं जसंच्या तसं इथे आणा असं माझं म्हणणं नाही, आपली शहरं वेगळी. पण स्पर्धेच्या सहा महिने आधी सर्व चर्चेसची एक समिती, तिचा एक फोन नंबर, आणि त्या समितीची पोलीस ठाणे, महापालिका व रेल्वे यांच्याशी एक बैठक, एवढं तर होईल? शेजारच्या गुरुद्वाऱ्यालाही त्या बैठकीला बोलवा. रोज शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्यांकडून आपल्याला खूप शिकता येईल.

दुसरी मागणी: फाटक. शेवटची लोकल जाईपर्यंत ते उघडं ठेवा. स्टेडियमच्या आसपास चर्चकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही: मोकळं कंपाउंड, दिवे, नळ, टॉयलेट, बाकं आणि रात्रीही जिथे आत शिरायला बाईमाणसाला भीती वाटत नाही अशी जागा. २०२५ च्या त्या महिला विश्वचषकातच ऑक्टोबरमध्ये इंदूरला ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंचा भर रस्त्यात विनयभंग झाला. ज्यांच्या मागेपुढे सुरक्षारक्षक असतात त्यांची ही गत, तर मध्यरात्री स्टेशनकडे चालणाऱ्या कॉलेजच्या मुलींचं काय? फाटकावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक फलक लावा: स्वच्छतागृह, पाणी, बसायला जागा, सर्वांसाठी, विनामूल्य. त्याखाली बायबलमधलं वचन नको. स्टेडियममध्ये बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या नेऊ देत नाहीत, म्हणून बाहेर लोक पैसे मोजून कुणाच्याही हाती बॅगा सोपवतात. पोलिसांनी संमती दिली तर बॅगांसाठी टोकन-पद्धतही ठेवता येईल. वानखेडेच्या सामन्यांच्या वेळी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून गिरगावातल्या चर्चेसपर्यंत साऱ्यांना हेच करता येईल.

तिसरी मागणी: हरवलेल्या मुलांसाठी आणि चुकामूक झालेल्या वृद्धांसाठी एक टेबल. पण नीट नियम करून. प्रत्येक मुलाजवळ कायम दोन मोठी माणसं, त्यांपैकी एक बाई. टेबल उघड्यावर, उजेडात, बंद खोलीत मुळीच नाही. स्वयंसेवकाच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र, समोर नोंदवही, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०९८ आणि ११२ हे दोन नंबर. जगभरच्या चर्चनी मुलांच्या बाबतीत केलेल्या पापांनंतर लोकांनी आपल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा आपल्याला करता येत नाही. तो विश्वास अशा साध्या नियमांनीच परत मिळेल.

चौथी मागणी माझ्या सर्वांत जवळची आहे: राबणाऱ्यांना जेवू घाला. टीव्हीवर विजयाची आतषबाजी दिसते. तिच्यामागे बारा-बारा तास उभा असलेला खासगी कंपनीचा सुरक्षारक्षक असतो, त्याला मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं असतं. दुपारपासून बंदोबस्ताला असलेली महिला कॉन्स्टेबल असते, जिला टॉयलेट सापडत नाही म्हणून ती पाणीच पीत नाही. टी-शर्ट आणि झेंडे विकणारी पोरं असतात, पाऊस आला की त्यांचा माल भिजतो. आणि लोक निघून गेल्यावर चाळीस हजार माणसांचा कचरा उचलायला आत शिरणारे ठेकेदाराचे सफाई कामगार असतात. त्यांचं काम सुरू होतं तेव्हा चहाची टपरीही बंद झालेली असते. रात्री एक वाजता शंभर माणसांना गरम चहा आणि पोळीभाजी देणं कोणत्याही महिला मंडळाला जड नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं हे काम वर्षभर करतातच, फक्त त्या रात्री त्यांना स्टेडियमच्या मागच्या दारावर पाठवा. आणि ज्यांना ठेकेदाराने पूर्ण मजुरी दिली नाही, त्यांच्यासाठी धर्मग्रामातल्या एखाद्या वकिलाचा तासभर मिळाला तर तो चहापेक्षाही उपयोगी ठरेल.

पाचवी मागणी: ज्यांना खेळात रस नाही अशा शेजाऱ्यांचीही आठवण ठेवा. सामन्याच्या दिवशी रस्ते बंद होतात. डायलिसिसला जाणारा माणूस अडकतो, एकट्या राहणाऱ्या आजींची कामवाली येऊ शकत नाही. घरोघरी ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्यांना ही घरं पाठ असतात. आदल्या दिवशी त्यांनी एक फेरी मारावी, औषधं आहेत का बघावं, आणि त्याच मजल्यावरच्या इतर धर्मांच्या म्हाताऱ्यांचीही चौकशी करावी. मिस्सेच्या वेळा वाहतुकीचं वेळापत्रक बघून ठरवाव्यात. आणि त्या महिन्यातलं एक प्रवचन घरातल्या मारहाणीवर असावं, स्पष्ट शब्दांत. शेवटी मदतीचा नंबर सांगून.

सहावी मागणी आजच्यापेक्षा उद्याची आहे. २०२९ ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धा भारतात आहे, २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला, आणि २०३१ चा पुरुषांचा विश्वचषक भारत-बांगलादेशात. मोठ्या स्पर्धेआधी शहर सजवलं जातं, आणि सजवताना गरीब माणूस आधी नजरेआड केला जातो. लंडनमध्ये ऑलिंपिकच्या जागेसाठी क्लेज लेन वसाहतीतल्या चारशेहून अधिक रहिवाशांना घरं सोडावी लागली. हॅकनीतल्या किंग्जवे इंटरनॅशनल ख्रिश्चन सेंटर या भल्यामोठ्या चर्चलाही आपली जागा सोडावी लागली. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांआधी दिल्लीत भिकाऱ्यांना पकडायला फिरती न्यायालयं काढली होती, आणि त्यांच्या हातात जो कायदा होता तो मुळात आपला, १९५९ चा मुंबईचा. त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो कायदा अजून आहे. पुढच्या स्पर्धेआधी आपल्या पुलांखालची कुटुंबं उचलली जाऊ लागली, तर बिशपांचं पत्र आधी निघावं. स्पर्धा संपल्यावर निघालेल्या निषेधपत्राचा त्या कुटुंबांना उपयोग नसतो. अहमदाबादच्या चर्चेसनाही हे आत्तापासून सांगायला हवं. तिथे मराठी माणसं पुष्कळ आहेत, आणि तिथला धर्मांतरविरोधी कायदा पाहता पत्रकाशिवाय सेवा करण्याचा धडा त्यांना आपल्याहून जास्त लागेल.

"यातून चर्चला काय मिळणार?" असा प्रश्न समितीत येईल हे मला ठाऊक आहे. एरवी तो प्रश्न मी हसण्यावारी नेला असता. पण जेमिमाकडे बघून एक उत्तर देते. उपांत्य सामन्यानंतर तिने येशूचे आभार मानले, आणि त्याच वेळी स्पर्धेत आपण किती घाबरलो, रोज किती रडलो, कुणी कुणी सांभाळलं, हेही सांगितलं. लाखो लोकांना तिचं बोलणं भिडलं, कारण ती कुणाला काही पटवायला निघाली नव्हती, आपलं खरं तेवढं सांगत होती. चर्चचीही साक्ष अशीच असावी. रात्री बाराला उघडं असलेलं स्वच्छ टॉयलेट ही पुरेशी साक्ष आहे.

माझी विनंती एवढीच की धर्मग्राम परिषदेच्या आणि मंडळीच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि "बघू" असं न म्हणता तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून ठेवा: फाटकाची जबाबदारी कुणाची, ते किती वाजेपर्यंत उघडं राहणार, आणि वॉचमनला काय सांगून ठेवायचं. माणसं कमी पडतील असं वाटत असेल तर पहिलं नाव माझं लिहा. रात्री दहापासून शेवटची लोकल सुटेपर्यंतची पाळी मी घेते. माझ्या ओळखीच्या चार जणी तयार आहेत, त्यांतल्या दोघी हिंदू आणि एक मुसलमान आहे. त्यांची काही हरकत नाही, आपलीही नसावी.

आपली नम्र,
नवी मुंबईतली एक प्रापंचिक भगिनी